बंदोबस्त आणि बचाव : भीमाकाठचा एक पोलिसी इतिहास

पुण्याहून सोलापूरच्या वाटेस लागलेल्या उतारूस दौंड हे नाव दोन कारणांनी ठाऊक असते. एक तेथील मोठे जंक्शन, जेथून मनमाडची वाट फुटते. आणि दुसरे, राज्य राखीव पोलीस दलाचे तेथील तळ. पावसाळा लागला म्हणजे यात तिसऱ्या कारणाची भर पडते. उजनीच्या धरणात पाणी किती येत आहे आणि पंढरपूरच्या वाळवंटास त्यापासून धोका आहे की नाही, हे सांगावयाचे झाले की वर्तमानपत्रे 'दौंडचा विसर्ग' सांगतात. याचे कारण भूगोलात आहे. भीमाशंकरापासून पानशेतच्या डोंगरांपर्यंत सह्याद्रीवर जो पाऊस कोसळतो, तो भीमा, भामा, इंद्रायणी, मुळा, मुठा, कुकडी, घोड अशा अनेक नावांनी पूर्वेकडे वाहू लागतो. मुळामुठा भीमेस मिळते ती शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसपाशी. घोडनदी शिरूर गावाच्या अंगावरून येऊन भीमेस मिळते ती दौंडच्या थोड्या वरच्या अंगास. म्हणजे निम्म्याहून अधिक जिल्ह्याचे पाणी या दोन तालुक्यांच्या दारावरून जाते.

आणि तरीही हे तालुके कोरडे! सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडल्यामुळे आभाळ त्यांना हात राखूनच देते. पूर येतो तो परगावच्या पावसाचा. दुष्काळ मात्र घरचा असतो. अशा मुलखात संकट ही नित्याची पाहुणी, आणि संकटाच्या वेळी सरकार म्हणून जो पहिला माणूस दारात उभा राहतो तो बहुधा पोलीसच. त्याने तेथे काय करावे, लोकांना आवरावे की लोकांना वाचवावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत कसकसे बदलत गेले, याचा शोध घेण्यास शिरूर-दौंडसारखी दुसरी जागा नाही.

१८६७ हे वर्ष या इतिहासाचा आरंभ मानण्यास हरकत नाही. त्या वर्षी मुंबई इलाख्यासाठी जिल्हा पोलिसांचा आणि गावपोलिसांचा असे दोन कायदे झाले. गावचा पाटील हा पूर्वापार गावच्या शांततेस जबाबदार होताच. आता त्याच्या जबाबदारीस छापील कलमे लाभली. त्याच्या वर तालुक्याचा फौजदार आणि त्याहीवर जिल्ह्याचा गोरा पोलीस सुपरिंटेंडेंट, अशी उतरंड उभी राहिली. या उतरंडीची पहिली मोठी कसोटी लागली ती याच मुलखात.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर तेथील देशमुखांचे घर मिळवले आणि ते पाडण्यास आरंभ केला. गावकऱ्यांनी दंगा केला नाही. त्यांनी त्याचे शेत करणे, त्याच्या दुकानी जाणे, त्याची हजामत करणे, सारे बंद केले. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजारच्या दिवशी, ठिणगी पडली. जुन्या भीमथडी तालुक्यात आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा बराच भाग येत असे. भीमथडीची तट्टे प्रसिद्ध होती तो हाच मुलूख. सुप्याहून हे लोण गावोगाव पसरले. जमावाचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतपत्रे हाती दिली तर बहुधा सावकारास धक्का लागत नसे. इतिहासात यास 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पुणे व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ लोकांना पकडण्यात आले आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. पोलीस अपुरे पडले तेथे लष्कर धावले. शिरूर ही तेव्हा लष्करी छावणीच होती.

या दंग्यांची चौकशी करण्यास सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल आजही अभ्यासक वाचतात, आणि १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा त्यातूनच पुढे आला. परंतु पोलिसी दप्तरात या प्रकरणाची नोंद राहिली ती दंगा म्हणून. कर्ज, पडलेले कापसाचे भाव आणि वाढलेला सारा यांनी पिचलेला कुणबी पोलीस अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडला तो हातात जळते कागद घेतलेला आरोपी या रूपाने. त्यात त्या अधिकाऱ्याचा व्यक्तिशः दोष काढण्यात अर्थ नाही. त्यास दुसरे काही पाहण्याचे शिक्षणच दिलेले नव्हते.

दंग्याची राख निवते न निवते तोच १८७६ चा दुष्काळ आला. दोन वर्षे त्याने दख्खन जाळला. दुष्काळी कामांवरच्या मजुरास दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा सर रिचर्ड टेंपल यांचा हिशेब १८७७ च्या आरंभी लागू झाला, आणि मजुरांनी कामे सोडून देऊन त्यास उत्तर दिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या लोकांची बाजू सरकारपुढे मांडली. दौंडच्या इतिहासात या दुष्काळाची खूण लोखंडाची आहे. पुण्याहून आलेली आगगाडी १८५८ मध्येच दौंडवरून दिक्सळपर्यंत गेली होती. दौंड-मनमाड हा लोहमार्ग मात्र या दुष्काळाच्या सावलीत उभा राहिला आणि १८७८ मध्ये खुला झाला. उपाशी माणसांनी घातलेल्या त्या भरावावरून आजही गाड्या धावतात, ही गोष्ट जंक्शनावर चहा घेणाऱ्या उतारूस सहसा कोणी सांगत नाही.

पोलीस या दुष्काळात काय करीत होते? धान्याच्या गाड्यांची राखण, बाजारपेठेवर पहारा, आणि वाढत्या चोऱ्यादरोड्यांचा तपास. दुष्काळ म्हणजे गुन्हे वाढण्याचा हंगाम, हीच त्या काळच्या पोलिसी अहवालांची दृष्टी. ही दृष्टी अगदीच खोटी होती असे नव्हे. वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळी मुलखात फिरून लोकांचे हाल डोळ्यांनी पाहिले, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांच्या टोळीने जो आरंभीचा छापा घातला तो शिरूर तालुक्यातील धामारी गावी. पुढे मेजर डॅनियल या अधिकाऱ्याने महिनोन्‌महिने पाठलाग करून जुलै १८७९ मध्ये त्यांना विजापूरच्या बाजूस देवर नावदगी येथे पकडले. एका पोलिसी कारकिर्दीचे ते मोठे यश होते. ज्या उपासमारीने बंड पेटवले, तिच्याशी लढणे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

१८९७ च्या प्लेगाची हकीकत श्रोत्यांच्या परिचयाची आहे, म्हणून तिचा विस्तार नको. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारीत झाला, रँडसाहेबांची कमिटी बसली, गोरे शिपाई घरोघरी झडत्या घेऊ लागले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या सुटल्या. रँड हे मुलकी अधिकारी होते, पोलीस नव्हते. पण संकटात सापडलेल्या घरात सत्ता कोणत्या मुद्रेने शिरते यावर सारे अवलंबून असते, हा धडा पुण्यात ज्या किमतीस मिळाला तितक्या किमतीस तो क्वचितच कोठे मिळाला असेल. याच जिल्ह्यात शिरूरला १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या समाधीस आसपासचे लोक सत्पुरुष मानून नवस बोलत, हेही जाता जाता सांगण्यासारखे आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर चित्र पालटू लागले. डिसेंबर १९४६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईत होमगार्ड ही नागरिकांची संघटना निघाली. दंगलीत पोलिसांना आणि संकटात लोकांना मदत, असा तिचा दुहेरी हेतू होता. पुढच्या वर्षी इलाख्याचे पहिले हिंदी इन्स्पेक्टर जनरल म्हणून नारायणराव कामटे यांच्याकडे पोलीस खात्याची सूत्रे आली. कामटे यांचे घराणेच पोलिसांचे. २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यात धारातीर्थी पडलेले अशोक कामटे हे त्यांचेच नातू. नारायणरावांच्या अमदानीत, ६ मार्च १९४८ रोजी, राज्य राखीव पोलीस दलाचा पाया घातला गेला. महात्माजींच्या हत्येनंतरचे दंगे नुकतेच शमले होते आणि हैदराबादच्या सरहद्दीवर रझाकारांचा उपद्रव चालू होता. दर वेळी लष्कराकडे हात पसरण्यापेक्षा प्रांताची स्वतःची सज्ज, शिस्तीची, कोठेही हलवता येईल अशी शक्ती असावी, ही कल्पना त्यामागे होती. १९५१ मध्ये या दलासाठी स्वतंत्र कायदा झाला.

या दलाचे दोन गट, पाचवा व सातवा, दौंडला वसले आणि जवळच नानवीज येथे शिक्षणाचे केंद्र झाले. जागेची निवड समजण्यासारखी आहे. जंक्शनावर बसलेली तुकडी रात्रीतून सोलापूर, मनमाड किंवा मुंबई, कोठल्याही दिशेस रवाना करता येते. राखीव पोलिसाचा संसार दौंडला आणि नोकरी मात्र गावोगाव. गणपती, निवडणूक, आषाढीची वारी, कोठे संप तर कोठे दंगल. जेथे तालुक्याचे पोलीस कमी पडतील तेथे 'कंपनी' जाते. त्याच्या शिक्षणात कवायत, बंदूक, लाठी, अश्रुधूर यांना मान होता. पोहणे, होडी चालवणे, ढिगारा उपसणे ही कामे त्याच्या वाट्यास येत, कारण मनगटात बळ असलेली, हुकुमासरशी उतरणारी शंभर माणसे सरकारजवळ दुसरी नव्हती. मात्र ती कामे त्याला कोणी शास्त्रशुद्ध शिकवली नव्हती. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने रस्त्यातील असहाय माणसास साहाय्य करणे आणि आगीपासून होणारी हानी टाळणे ही पोलिसाची कर्तव्ये म्हणून लिहून ठेवली. कर्तव्य लिहिले गेले. ते पार पाडण्याचे तंत्र येण्यास आणखी अर्धशतक लागले.

या उणिवेचा पुरता प्रत्यय पुण्यास १२ जुलै १९६१ रोजी आला. पानशेतचे अपुरे राहिलेले धरण आदल्या दिवशीच खचू लागले होते. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचीत होते. त्यांच्या श्रमाने धरण वाचले नाही, पण ते रात्री न फुटता सकाळी सातनंतर फुटले. आणि रात्र व सकाळ यांतील अंतर त्या दिवशी हजारो जिवांएवढे होते. ते पाणी खडकवासल्यावर आले, खडकवासल्यानेही दम सोडला, आणि दुपारपर्यंत नारायण, शनिवार, कसबा या पेठा आणि डेक्कनचा भाग पाण्याखाली गेले. पूल बुडाले, वीज गेली, टेलिफोन बंद पडला. खडकवासल्यावरच शहराचे पिण्याचे पाणी अवलंबून होते, तेही तुटले. चहूकडे पाणी आणि नळ कोरडा, अशी विपरीत अवस्था झाली.

पुण्यास तेव्हा पोलीस कमिशनरचे कार्यालयही नव्हते. ते १९६५ मध्ये आले. जिल्हा पोलिसांच्या हाती जे होते ते घेऊन शिपाई नदीकाठच्या वस्त्यांत उतरले, आणि पूर ओसरल्यावर दारे उघडी पडलेल्या वाड्यांवर पहारे बसले. पुन्हा पाणी येत असल्याच्या आवया उठल्या की घाबरून धावणाऱ्या लोकांना आवरणे, हे कामही त्यांचेच. शहरास सूचना वेळेवर आणि पुरेशी मिळाली की नाही, हा प्रश्न पुढे चौकशीचा आणि कटुतेचा विषय झाला. चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती बावडेकर यांचा काम चालू असतानाच शोकांतिक अंत झाला आणि ती न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे सोपवावी लागली. पुनर्वसनाचे काम यशवंतराव चव्हाणांनी स. गो. बर्वे यांच्याकडे दिले आणि त्यांनी ते धडाडीने केले. या साऱ्या कथेत इंजिनियर आहेत, जवान आहेत, न्यायाधीश आहेत, प्रशासक आहेत. पोलीस अधिकारी आहे तो पहाऱ्यावर.

पूर शहरातून गेला म्हणजे संपला, असे शहरवासीयांस वाटते. मुठेचे ते पाणी मुळामुठेच्या पात्राने पुढे याच शिरूर-दौंडच्या सीमेवर भीमेत उतरणार होते. त्यास दुसरी वाट नव्हती. खालच्या गावांना सावध करण्याची साधने म्हणजे पोलीस पाटील, तलाठी आणि सायकलवरचा शिपाई.

आपत्तीचे शिक्षण देशात मुळीच नव्हते असे मात्र नाही. नागपूर येथे एप्रिल १९५७ मध्ये मध्यवर्ती संकटनिवारण शिक्षणसंस्था निघाली होती, आणि पुढे १९६८ मध्ये तीच राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. चीन व पाकिस्तान यांच्याशी झालेल्या युद्धांनंतर नागरी संरक्षणाकडे लक्ष गेले, ते मुख्यतः विमानहल्ल्याच्या भीतीने. ढिगाऱ्यातून माणूस कसा काढावा हे नागपुरास शिकवले जात होते; पण शिकून गेलेला फौजदार परत आपल्या ठाण्यात जाऊन चोऱ्यांचा तपास करू लागे. पोलीस खात्यात गुन्हे अन्वेषणाचा तज्ज्ञ होता, हस्ताक्षराचा होता, वाहतुकीचा होता, कुत्र्यांचा होता. संकटाचा तज्ज्ञ नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या दृष्टीने विसरता येण्यासारखी नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. राज्यातले पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्तातून रात्री उशिरा सुटले, आणि चार वाजण्यास चार मिनिटे असताना किल्लारी परिसरातली दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. पायांतले बूट न काढलेल्या पोलिसाने पुन्हा पट्टा बांधला. मदतीस आलेल्यांच्या मागोमाग बघ्यांची रीघ लागली, रस्ते तुंबले, आणि ढिगारे उपसण्याऐवजी रस्ता मोकळा ठेवण्यातच पोलिसांची शक्ती खर्ची पडू लागली. किल्लारीनंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्तीच्या योजना आखल्या. या बाबतीत हे राज्य देशात पुढे होते. कागद तयार झाले. त्यांत 'पोलीस' या शब्दापुढे लिहिलेले काम मात्र पुष्कळसे जुनेच राहिले.

२००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी आणि २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, या तीन आघातांनंतर डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या आधारे २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. केंद्रीय निमलष्करी दलांतून प्रथम आठ बटालियन घेण्यात आल्या. त्यांपैकी पाचवी, केंद्रीय राखीव पोलीस दलातून आलेली, पुण्याजवळ तळेगावास बसली. एका बटालियनमध्ये पंचेचाळीस-पंचेचाळीस माणसांच्या अठरा तुकड्या असाव्यात, प्रत्येकीत इंजिनियर, तंत्रज्ञ, वीजकामगार, श्वानपथक आणि वैद्यकीय मदतनीस असावेत, अशी रचना ठरली.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. पहिली दोन वर्षे या दलालाही सर्रास बंदोबस्ताच्या कामास जुंपले जात असे! दंगल, निवडणूक, मिरवणूक. जुनी सवय सुटता सुटेना. ऑक्टोबर २००७ मध्ये पंतप्रधानांच्या उपस्थितीत हा विषय निघाला आणि १४ फेब्रुवारी २००८ च्या नियमांनी या दलाचे काम आपत्तीपुरतेच राखून ठेवण्यात आले. १८७५ पासून चालत आलेल्या पोलिसी परंपरेत हा खरा सांधा आहे. पोलिसाच्या दर्जाचा, पोलिसाच्याच शिस्तीत वाढलेला अधिकारी, ज्याने लाठी उगारायची नाही, आरोपी पकडायचा नाही, फक्त माणसे बाहेर काढायची, असा या देशात प्रथमच निर्माण झाला.

असा अधिकारी काय जाणतो? सामान्य माणसास वाटते की ढिगारा दिसला की उपसावयास लागावे. शिकलेला अधिकारी आधी थांबतो. इमारत कशी पडली आहे, स्लॅब एकावर एक बसले आहेत की कलले आहेत, पोकळी कोठे राहिली असेल, कोणत्या खोलीत त्या वेळी माणसे असण्याचा संभव आहे, हे तो शेजाऱ्यांकडून विचारून घेतो. यंत्रे बंद करवून शांतता मागतो आणि ऐकतो. बाहेर नातेवाईक आक्रोश करीत असताना ही पाच मिनिटांची शांतता मागण्यास जे धैर्य लागते ते जमावापुढे उभे राहण्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे नाही. पुरात त्याला प्रवाहाची ओढ, भोवरे, पाण्याखालच्या तारा यांचा अंदाज घ्यावा लागतो, आणि कित्येकदा 'आता होडी घालू नका' असा अप्रिय हुकूम आपल्याच माणसांना द्यावा लागतो.

३० जुलै २०१४ च्या सकाळी या विद्येची परीक्षा पुणे जिल्ह्यातच झाली. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर संततधार पावसात डोंगराचा कडा घसरला. नेहमीप्रमाणे तेथे आलेल्या एस.टी.च्या चालकास गाव जागेवर दिसेना, आणि ही वार्ता त्याच्यामुळे बाहेर पडली. माळीणचे पाणी डिंभे धरणात उतरते, आणि डिंभ्याखालची घोडनदी ती शिरूरची घोडनदी. त्या दिवशी वरच्या अंगास जे घडले ते खालच्या गावांना नात्याचेच होते. तळेगावची बटालियन समादेशक आलोक अवस्थी यांच्या हाताखाली तेथे पोचली. पुढे त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. रस्ता अरुंद, पाऊस उसंत देईना, आणि वरचा डोंगर अजून ओला. विटांची इमारत पडते तेव्हा आत कोठे तरी हवेची पोकळी राहते. चिखल ती ठेवीत नाही. तरी एक तान्हे मूल आणि त्याची आई जिवंत निघाली. त्यानंतरचे दिवस जवळजवळ केवळ मृतदेहांचे होते. चाळीसहून अधिक घरे आणि दीडशेहून अधिक माणसे त्या मातीत गेली.

माळीणला दोन प्रकारचे पोलीस एकाच वेळी काम करताना दिसले. घाटाच्या रस्त्यावर जिल्हा पोलीस: येणाऱ्या मोटारी थोपविणारे, ओळख पटवून पंचनामे करणारे, नातेवाइकांना धीर देणारे. आणि खाली चिखलात, नारिंगी पोशाखात, दुसरे. वरचा नसेल तर खालच्याला खणता येणार नाही. पण खालच्याचे काम वरच्याने करावे, ही अपेक्षा आता कोणी करीत नव्हते. पानशेत आणि माळीण यांमध्ये त्रेपन्न वर्षांचे अंतर आहे. त्या अंतराचे माप हेच.

हे सारे समाधानकारक वाटले तरी त्यात एक छिद्र आहे. राष्ट्रीय दलातील अधिकारी व जवान आपापल्या मूळ दलातून काही वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर येतात. माळीणचा चिखल किंवा २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर पाहिलेला अधिकारी पुढे सरहद्दीवर किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तावर जातो, आणि त्याने हाताने मिळविलेले ज्ञान त्याच्याबरोबर जाते. सैन्यातला सुरुंग लावणारा आयुष्यभर तेच करतो, अग्निशामक दलातला माणूस निवृत्तीपर्यंत आगीशीच झुंजतो. आपत्तीतील पोलीस अधिकाऱ्याची कारकीर्द मात्र प्रवासातल्या मुक्कामासारखी. शिवाय तळेगावहून निघालेल्या तुकडीस अंतर कापावे लागते, आणि पूर कोणाची वाट पाहत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांनी स्वतःच घातलेली, क्षमतेहून अधिक भरलेली होडी उलटली आणि दहाहून अधिक माणसे बुडाली.

राज्यानेही आपले आपत्ती प्रतिसाद दल २०१६ मध्ये उभे केले ते राखीव पोलिसांतूनच. दौंडला दोन गट असून आणि भीमेचा सारा प्रवाह त्यांच्या दारावरून वाहत असूनही आरंभीच्या दोन कंपन्या धुळे व नागपूर येथे ठेवण्यात आल्या. पुणे विभागास तळेगावचे केंद्रीय दल जवळ आहे, असा विचार त्यामागे असणे शक्य आहे. उत्तर महाराष्ट्र व विदर्भ यांनाही हक्काची तुकडी हवीच होती. तरी ज्या गावाच्या विसर्गावरून खालच्या चार तालुक्यांची रात्र ठरते, त्या गावच्या राखीव पोलिसास पाण्याची विद्या आधी मिळावयास हवी होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मे २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी दोन दिवसांच्या अंतराने घडल्या. २१ तारखेच्या संध्याकाळी, करमाळ्याकडील कुगावहून इंदापूरकडील कळाशीस येणारी होडी उजनीच्या फुगवट्यात वादळाने उलटली. दौंडवरून आलेले भीमेचे पाणी पसरते तेच हे पात्र. होडीत एक पोलीस अधिकारी होता, कामावर नसलेला. तो पोहत काठास लागला आणि त्याच्याकडून बातमी कळली. बाकीचे सहा जण गेले. तळेगावचे दल त्यांना शोधीत असतानाच, २३ तारखेस, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्यांच्या शोधासाठी धुळ्याहून राज्य दलाची तुकडी आली. पाण्याच्या भोवऱ्यात तिची होडी उलटली. एक उपनिरीक्षक आणि दोन शिपाई बुडून मरण पावले, आणि त्यांना वाट दाखविण्यास होडीत बसलेला एक गावकरीही. तिघेही भरतीने राखीव पोलीस होते.